फणसाच्या लाकडाचे जडावाचे मखर: प्रकल्प नोंदी, फेब्रुवारी ते ऑगस्ट २०२५

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

आज माळ्यावरून फणसाच्या फळ्या खाली काढल्या. मे २०२१ मधल्या तौक्ते वादळात परसातला जुना फणस मुळासकट आडवा झाला, तेव्हा त्याचा बुंधा गिरणीवर नेऊन दोन इंची फळ्या पाडून घेतल्या होत्या आणि मधे पट्ट्या घालून, हवा खेळेल अशा रीतीने, माळ्यावर रचून ठेवल्या होत्या. लाकडाच्या जाडीच्या प्रत्येक इंचाला एक वर्ष, हा वाळवणीचा ढोबळ हिशेब धरला तर दोन वर्षे पुरेशी होती. यांना पावणेचार वर्षे मिळाली आहेत. ओलावा मोजण्याच्या यंत्राने सहा ठिकाणी पाहिले, तर सगळीकडे ११ टक्क्यांच्या आसपास आकडा आला. देवगडच्या किनाऱ्यालगत फेब्रुवारीत याहून कोरडे लाकूड मिळणार नाही.

या फळ्यांचे गणपतीचे कायमचे मखर करायचे ठरवले आहे. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी येईपर्यंत आमच्याकडेही थर्माकोलचेच मखर असे. त्यानंतर पुठ्ठा, कापड, बांबूच्या कामट्या असे सगळे करून झाले. दरवर्षी नवे करायचे आणि दरवर्षी टाकून द्यायचे, हे मला मनापासून पटत नव्हते. परसातल्या ज्या झाडाचे गरे आम्ही तीन पिढ्या खाल्ले, त्याचे लाकूड माळ्यावर पडून असताना तर मुळीच नाही.

आराखडा असा: समोर साडेचार इंच रुंदीचे आणि चार फूट उंचीचे दोन खांब, खाली चौरंग, खांबांना मागून जोडणारी जुन्या खिडकीच्या सागवानाची तुळई आणि तुळईच्या पुढे ४४ इंच लांब, ९ इंच रुंद गणेशपट्टी. जडावाचे काम, म्हणजे लाकडात दुसऱ्या रंगांची लाकडे बसवून केलेली नक्षी, मुख्यतः गणेशपट्टीवर आणि थोडे खांबांवर असेल. सांधे सगळे पाचरीचे असतील, स्क्रू एकही नसेल, कारण विसर्जनानंतर मखर सुटे करून पुन्हा माळ्यावर जायचे आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

फळ्यांच्या दोन्ही कडांचे फिकट पांढरे लाकूड काढून टाकले. गाभ्याला कीड सहसा शिवत नाही, पण त्या पांढऱ्या भागात भुंगा हमखास शिरतो आणि दोन वर्षांत खाली पिठासारखा भुसा पडू लागतो. या काटछाटीत लाकडाचा जवळजवळ पाचवा हिस्सा गेला.

गणेशपट्टीच्या फळीतून निघालेला ९ इंच रुंदीचा एक तुकडा पडवीच्या आढ्याला टांगून ठेवला आहे. आज कॅलिपरने मोजला, तर रुंदी २२८.४ मिलिमीटर भरली. दर महिन्याला तो मोजायचा आणि आकडा इथे लिहायचा. लाकूड लांबीत जवळपास वाढत नाही, पण आडव्या अंगाने हवेतल्या ओलाव्याप्रमाणे फुगते आणि आक्रसते. सागवानासारखे गुणी लाकूडसुद्धा ओल्या अवस्थेपासून पूर्ण सुकेपर्यंत वर्षवलयांच्या दिशेने सुमारे पाच ते सहा टक्के, आणि गाभ्याकडून सालीकडे मोजले तर सुमारे अडीच टक्के आक्रसते. जडावाच्या कामात दोन वेगवेगळी लाकडे एकमेकांत कायमची बसवायची असतात; त्यामुळे ही हालचाल नेमकी किती, हे आपल्याच लाकडावर मोजलेले बरे.

९ मार्च, रविवार

जडावासाठी लाकडे जमवण्यात तीन आठवडे गेले. काळ्या रंगासाठी शिसव हवा होता. आजोबांच्या मोडक्या पलंगाचे दोन पाय अडगळीत होते, ते चिरले; आतून जांभळट काळे, तेल लावल्यासारखे लाकूड निघाले. तांबड्या रंगासाठी आईने कोठीतून खैराचे एक तडकलेले मुसळ काढून दिले. ते आजीचे होते आणि त्याने कांडलेले पोहे आईला आठवतात, म्हणून आधी विचारून घेतले. फुटलेल्या मुसळाने काही कांडता येत नाही, तर देवाच्या कामाला लागू दे, असे ती म्हणाली. खैर इतका कठीण आहे की अर्धे मुसळ चिरेपर्यंत करवतीला दोनदा धार लावावी लागली.

फिकट रंगासाठी शिवण घेतला. दुकानात तो वाळलेला म्हणून दिला, पण घरी मोजल्यावर ओलावा १९ टक्के निघाला. तो परत न करता पातळ पट्ट्या पाडून पडवीत पसरून ठेवला आहे, कारण दोन-तीन मिलिमीटर जाडीची पट्टी मार्च-एप्रिलच्या हवेत सहज सुकते. करवंट्या घरच्याच आहेत.

२३ मार्च, रविवार

नक्षी कोणती घ्यावी, यावर बराच विचार केला. मध्यंतरी सावंतवाडीला चितार आळीत जाऊन लाखकामाचे पाट आणि चौरंग पुन्हा एकदा निरखून पाहिले. तिथल्या कडेच्या वेलींची रेघ किती सुटी आणि तरी किती बांधीव असते, ते मनात भरून घेतले. ते काम रंगाचे आणि माझे लाकडाचे, तेव्हा नक्कल होणार नव्हतीच, पण वेल कुठे वळवावी आणि कुठे थांबवावी, हे तिथून उमगले.

मोर, कमळे आणि कलश न घेता आपल्या माटवीतली रानफुले घ्यायची ठरवली. गणपतीच्या डोक्यावर माटवी, म्हणजे लाकडी चौकट, बांधतो तेव्हा तिला आंब्याचे टाळ, नारळ, सुपारीचे घड, कवंडळे, हरणे, कांगले, शेरवड असे जे जे बांधले जाते, ते सगळे चतुर्थीच्या आधी एक-दोन दिवसांत रानातून आणलेले असते आणि विसर्जनापर्यंत सुकून जाते. त्यांतली शेरवड आणि कवंडळ ही दोन मला जडावासाठी नेमकी वाटली. शेरवडीचे फूल केशरी आणि अगदी लहान असते. डोळ्यांत भरते ते त्याच्या बाजूचे मोठे पांढरे पान. ते पान शिवणाचे होईल. कवंडळाचे गोल तांबडे फळ खैराचे, देठ आणि वेल शिसवाची, आणि शेरवडीचे लहान फूल पितळी तारेच्या टिकलीचे.

१३ एप्रिल, रविवार

रंगांची परीक्षा पूर्ण झाली. फणसाचे ताजे रंधलेले लाकूड हळदीसारखे पिवळे दिसते, पण उजेड लागला की ते आधी मधासारखे आणि पुढे तांबूस तपकिरी होत जाते. महिन्यापूर्वी एका नमुन्याच्या पट्टीवर जडावाच्या लाकडांचे तुकडे बसवून तिचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकला होता आणि ती खळ्यात उन्हात ठेवली होती. आज पुठ्ठा काढला तर झाकलेला भाग पिवळा आणि उघडा भाग गडद, मधे सरळ रेघ. मुख्य म्हणजे, पिवळ्या भागावर ठसठशीत दिसणारा खैराचा तुकडा गडद भागावर फिका पडला होता. आजच्या पिवळ्या रंगावर भाळून नक्षी केली असती, तर पाच वर्षांनी कवंडळे दिसेनाशी झाली असती. म्हणून प्रत्येक कवंडळाभोवती करवंटीचे बारीक काळे कडे घालायचे ठरवले आहे. शिवण मात्र दोन्हीकडे उठून दिसतो.

२० एप्रिल, रविवार

या आठवड्यात शेरवडीची पाने केली. ती सगळी एका रंगाची ठेवली तर कागद चिकटवल्यासारखी सपाट दिसतात, म्हणून तापल्या वाळूत त्यांची एक कड भाजून घेतली. किनाऱ्यावरची वाळू तीन पाण्यांत धुऊन, मीठ आणि शिंपल्यांचा चुरा काढून, उन्हात वाळवली आणि चणे भाजतात तशी लोखंडी कढईत तापवली. पान चिमट्यात धरून त्याची देठाकडची कड वाळूत खुपसायची, मनात दहा अंक मोजायचे आणि वर काढायचे. लाकडाला आधी भाजक्या पोह्यांसारखा वास येतो. त्याच क्षणी पान बाहेर निघाले पाहिजे, नाहीतर पुढच्या दोन अंकांत कड कोळसा होते आणि हाताने चोळली की गळून पडते. नीट साधले, तर कडेला गडद तपकिरी, मधे बदामी आणि टोकाला पांढरा असा रंग आपोआप उतरत जातो आणि पान जणू किंचित वळलेले दिसू लागते. ३४ पानांपैकी ९ जळली. उष्णतेने सुकून पाने जराशी आक्रसतात, म्हणून भाजून झाल्यावर त्यांना दोन दिवस हवेत ठेवले आणि मगच त्यांच्या खाचा आखल्या.

११ मे, रविवार

गणेशपट्टीचे मुख्य जडावकाम संपले. पद्धत प्रत्येक तुकड्याला तीच: तुकडा जागेवर ठेवून भोवती टोकदार सुरीने रेघ पाडायची, आतले लाकूड राउटरने दोन मिलिमीटर खोल काढायचे, रेघेपर्यंतचा शेवटचा भाग अरुंद पटाशीने हाताने छाटायचा आणि तुकडा किंचित वर राहील असा चिकटवून वर ठोकळा ठेवून दाबायचा. तुकड्यांच्या कडा आतल्या बाजूला अगदी किंचित उतरत्या ठेवल्या, त्यामुळे दाबल्यावर ते पाचरीसारखे घट्ट बसतात आणि वरून फट दिसत नाही.

सरस मी वापरला नाही. जुने कारागीर सरसच वापरत आणि तो उष्णतेने पुन्हा सोडवता येतो हा त्याचा मोठा गुण आहे, पण आमच्या पावसाळी हवेत तो मऊ पडतो. पाण्याला टिकणारा फेव्हिकॉल घेतला.

प्रत्येक पानाचा आणि फळाचा रेषा-कल गणेशपट्टीच्या रेषांशी समांतर ठेवला आहे, म्हणजे पट्टी फुगली तर तुकडाही तिच्याबरोबर त्याच दिशेने फुगेल. भोवतीची शिसवाची किनारही आज बसवली. आता फक्त करवंटीची कडी, घासणे आणि पॉलिश उरले आहे. पाऊस साधारण ७ जूनच्या सुमारास येतो, तेव्हा मेअखेरपर्यंत मागून-पुढून लाखेचे दोन हात देऊन लाकूड बंद करायचे आणि मग निर्धास्त व्हायचे, असा बेत आहे.

२५ मे, रविवार

बेत फिसकटला. २० तारखेपासूनच पाऊस कोसळतो आहे आणि मान्सून देवगडपर्यंत आल्याचे हवामान खात्याने आज जाहीरही केले. म्हणजे नेहमीपेक्षा सुमारे दोन आठवडे आधी. वीज तीन दिवस येऊन-जाऊन आहे. पडवीत इतका दमटपणा आहे की कालच्या पॉलिश कागदाचे दाणे आज बोटाला चिकटतात. अशा हवेत लाखेचा हात दिला तर स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतले बाष्प बसते आणि पांढरी झाक धरते. म्हणून पॉलिशला हात लावला नाही. गणेशपट्टी जुन्या धोतरात गुंडाळून माजघरात ठेवली आहे.

१५ जून, रविवार

खांब आणि तुळई यांचे सांधे केले. सांगण्यासारखे विशेष नाही. टांगलेला तुकडा: २२९.७.

६ जुलै, आषाढी एकादशी

आज गणेशपट्टी उघडली आणि जीव चरकला. वेल, पाने, फळे सगळी जागच्या जागी होती, पण दोन्ही टोकांना उभ्या बसवलेल्या शिसवाच्या किनारी तुटल्या होत्या. डावीकडची मधोमध चिरली होती आणि उजवीकडची खालच्या कोपऱ्यात सुटून नखभर वर आली होती. आढ्याचा तुकडा मोजला: २३०.९ मिलिमीटर. म्हणजे फेब्रुवारीपासून अडीच मिलिमीटरची वाढ, आणि ओलावा १७ टक्के.

कारण कळायला वेळ लागला नाही. लांब बाजूंच्या किनारी गणेशपट्टीच्या रेषांना समांतर होत्या, म्हणून त्या टिकल्या. पण टोकांच्या किनारीसाठी मी आठ इंच लांबीच्या अखंड पट्ट्या आडव्या रेषांवर उभ्या चिकटवल्या. शिसवाची पट्टी लांबीत वाढत नाही आणि खालची फळी रुंदीत वाढते. तेव्हा फळी आपल्या वाटेने गेली आणि पट्टी तुटली. पानांच्या बाबतीत जो नियम मी कसोशीने पाळला आणि ११ मेच्या नोंदीत लिहूनही ठेवला, तोच किनारीच्या बाबतीत मी विसरलो, कारण किनार मला नक्षीचा भाग न वाटता नुसती चौकट वाटली होती. लवकर आलेल्या पावसाला यात दोष देता येणार नाही. मे महिन्यात पॉलिश झाले असते, तरी लाखेचा थर ओलावा अडवत नाही, फक्त त्याची गती मंद करतो. हीच किनार मग ऑगस्टमध्ये तुटली असती, कदाचित मूर्ती आत बसलेली असताना.

संध्याकाळी वाडीतल्या मेस्त्रीकाकांना पट्टी दाखवली. वयामुळे ते आता काम करत नाहीत, पण नजर तीच आहे. त्यांनी तुटलेल्या जागेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “झिला, झाड मेला तरी लाकूड मरना नाय. पावसात ता पाणी पितलाच.” मग जुन्या देव्हाऱ्यांच्या कडेला लहान लहान चौकड्या का असतात, ते त्यांनी समजावून सांगितले. ती नुसती शोभा नसते. प्रत्येक चौकडीचे लाकूड खालच्या लाकडाच्याच दिशेने बसवलेले असते, त्यामुळे सगळी हालचाल अनेक सांध्यांत वाटली जाते आणि कुठल्याही एका सांध्यावर ताण येत नाही.

१३ जुलै, रविवार

तुटलेल्या किनारी काढल्या. गरम इस्त्री ओल्या फडक्यावरून फिरवत फिरवत चिकटपणा सैल केला आणि रुंद पटाशीने कणाकणाने खरवडले. एका टोकाला अडीच तास लागले. घाई केली असती तर फणसाचे तंतू उपटून आले असते.

नवी किनार शिसव आणि शिवण यांच्या आलटून-पालटून चौकड्यांची केली आहे. प्रत्येक चौकडी दोन सूत, म्हणजे पाव इंच, लांब-रुंद असून, तिच्या रेषा गणेशपट्टीच्या रेषांशी समांतर आहेत. एका टोकाला ३२, दोन्ही मिळून ६४. आता जुलैत, लाकूड पुरते फुगलेले असताना त्या बसवतो आहे, हे एका दृष्टीने चांगले झाले: उन्हाळ्यात फळी आक्रसेल तेव्हा चौकड्या एकमेकींवर दाबल्या जातील, फाकणार नाहीत, आणि त्याही त्याच दिशेने थोड्या आक्रसत असल्यामुळे हा दाबही बेताचाच राहील.

तुळईवर गणेशपट्टी कशी धरायची, तोही विचार यावरून बदलला. आधी ती चारही कोपऱ्यांत खुंट्या ठोकून पक्की करणार होतो. आता फक्त मध्यरेषेवर दोन खुंट्या असतील आणि वरचा व खालचा काठ खोबणीत दीड-दीड मिलिमीटर मोकळा राहील.

२७ जुलै, रविवार

करवंटीची कडी बसवली. करवंटी गोल असल्यामुळे तिचा मोठा तुकडा सपाट होत नाही. अर्ध्या इंचापेक्षा लहान तुकडेच घासून सरळ करता येतात. म्हणून एकेक कडे पाच-सहा तुकड्यांचे आहे. घासताना खोबरे करपल्यासारखा वास पडवीभर पसरला होता आणि तो दोन दिवस गेला नाही. करवंटी उत्तम झिलई घेते. पॉलिश न लावताच ती काळ्या काचेसारखी चकाकते.

पृष्ठभाग एकसारखा करताना पॉलिश कागद वापरला नाही. शिसवाचा काळा भुसा कागदाबरोबर ओढला जाऊन शिवणाच्या छिद्रांत बसतो आणि पांढरे पान कायमचे मळते. मेस्त्रीकाकांच्या सांगण्यावरून काचेच्या ताज्या फुटलेल्या धारेने, रेषांच्या दिशेने, खरवडून काढले. त्याआधी शिवणाच्या पानांवर लाखेचा एक पातळ हात कुंचल्याने देऊन ती बंद केली होती.

८ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

चार दिवसांपासून उघडीप आहे. मागची खोली बंद करून आत दोन मोठे पिवळे दिवे रात्रभर लावून ठेवले आणि सकाळी हवेतला ओलावा ६२ टक्क्यांवर आल्यावर पॉलिशला सुरुवात केली. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, दोनदा गाळून, कापसाच्या बोळ्यावर मलमल गुंडाळून गोल गोल हात फिरवला. पुढून जितके हात दिले, तितकेच मागूनही दिले. एकच बाजू बंद केली तर दुसऱ्या बाजूने ओलावा शिरून फळी वाकते, हे आता शिकवायला कुणी नको.

पहिल्याच हाताबरोबर रंग उघडले. भाजलेल्या कडांची पाने खोल दिसू लागली आणि खैराच्या फळांना मुसळात कधी न दिसलेला तांबडा रंग आला.

२६ ऑगस्ट, हरतालिका

आज संध्याकाळी माजघरात मखर उभे केले. जांभ्याच्या भिंतीला पावसात ओल येते, म्हणून ते भिंतीपासून चार बोटे पुढे ठेवले आहे. मुंबईहून आलेल्या धाकट्या भावाने वर माटवी बांधली. रानातली खरी कवंडळे खैराच्या कवंडळांपेक्षा बरीच भडक आहेत, पण शेरवडीचे पान शेजारी धरले तेव्हा शिवणाचे पान त्याच्याशी चांगलेच जुळले. टोकांच्या चौसष्ट चौकड्यांवरून नख फिरवून पाहिले, कुठेही अडकले नाही. टांगलेला तुकडा: २३०.६. तो आढ्यालाच राहू देणार आहे, कारण पुढच्या मार्चमधला आकडा अजून हातात यायचा आहे.

एक त्रुटी राहिली आहे. डाव्या खांबाचे कुसू तुळईच्या भोकात फुगून इतके घट्ट बसले आहे की पाचर पूर्ण आत जात नाही, सूतभर बाहेर दिसते. ती आज तासली तर उन्हाळ्यात सैल होईल, म्हणून तशीच ठेवली आहे. मूर्ती उद्या सकाळी सात वाजता गणपतीच्या शाळेतून, म्हणजे मूर्तिकाराच्या कारखान्यातून, आणायची आहे.